मेडिकलच्या अभ्यासातली मजा: गोव्यातल्यांनी आपापले अनुभव लिहा

रानवाट

नीटचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की आमच्या सत्तरी तालुक्यात एक प्रश्न घरोघरी ऐकू येतो. "मेडिकल मिळालं खरं, पण झेपेल का हो?" मग ठरलेली यादी सुरू होते. साडेपाच वर्षं, जाडजूड पुस्तकं, व्हायव्हा (तोंडी परीक्षा), डिसेक्शन (शवविच्छेदन), रात्रीच्या ड्युट्या. यादीतलं काहीच खोटं नाही. पण या अभ्यासात जी मजा येते तिच्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि नव्याने येणारी मुलं नुसती धास्ती घेऊन येतात. मी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात सध्या इंटर्नशिप करतोय. ती धास्ती थोडी कमी व्हावी म्हणून हा धागा काढतोय.

पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत ब्रेकियल प्लेक्सस नावाचं प्रकरण असतं. मानेतून निघणारी नसांची, म्हणजे मज्जातंतूंची, पाच मुळं, सी ५ ते टी १, एकमेकांत मिसळतात, फुटतात, पुन्हा मिसळतात आणि शेवटी त्यांच्या शाखा हातात उतरतात. आकृती आज पाठ होते आणि चार दिवसांनी डोक्यातून साफ जाते. सगळ्यांचंच असं होतं. डिसेक्शनच्या टेबलावर मात्र काखेतली चरबी चिमट्याने कण कण करून काढावी लागते. बराच वेळ पिवळ्या चरबीशिवाय काही दिसत नाही, पाठ भरून येते, फॉर्मालिनने डोळे चुरचुरतात. मग ॲक्सिलरी धमनी सापडते आणि तिच्यासमोर इंग्रजी एम अक्षराच्या आकारात तीन नसा मोकळ्या होतात: मस्क्युलोक्युटेनियस, मीडियन, अल्नर. आमच्या टेबलावर त्या इतक्या स्वच्छ निघाल्या की शेजारच्या टेबलांवरची मुलं बघायला आली. त्या दिवसानंतर मला ती आकृती पाठ करावी लागली नाही.

पण खरी गोष्ट पुढची आहे. इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीला असताना माडावरून पडलेला एक पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, आला. पडताना त्याने एका हाताने चुडत (झावळी) धरलं होतं आणि अंगाचा सगळा भार त्या हातावर आला होता. हाड कुठे मोडलं नव्हतं, शुद्ध नीट होती. तक्रार एकच: "बोटांनी कांयच धरूंक मेळना." मी त्याच्या दोन बोटांच्या मध्ये कागदाची पट्टी दिली, घट्ट धरायला सांगितली आणि ओढली. अलगद हातात आली. करंगळीच्या बाजूला कापसाचा स्पर्श कळत नव्हता. रेसिडेंट मॅडम म्हणाल्या, "आता त्याचे डोळे बघ." त्याच बाजूची पापणी जराशी उतरलेली होती आणि बाहुली दुसऱ्या डोळ्यापेक्षा बारीक.

हाताला मार आणि खूण डोळ्यात! हात वर ताणला गेला की प्लेक्ससची खालची मुळं, सी ८ आणि टी १, ओढली जातात. बोटांच्या बारीक स्नायूंना तिथूनच नस येते, म्हणून कागद सुटला. आणि डोळ्याकडे जाणारे सिंपथेटिक तंतू टी १ च्या मुळातूनच बाहेर पडतात, म्हणून पापणी आणि बाहुली. पुस्तकात हाताच्या या लुळेपणाला क्लुम्पके पाल्सी आणि डोळ्यातल्या खुणेला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात. कारण म्हणून तिथे लिहिलेलं असतं, 'पडताना फांदी धरणारा माणूस'. आमच्या गोव्यात तो माणूस पाडेली असतो. डोळ्यातली खूण दिसली याचा अर्थ मूळ मणक्याच्या अगदी जवळ तुटलेलं असू शकतं, म्हणजे काम अवघड. त्यामुळे त्याला थांबवून न ठेवता त्याच रात्री पुढच्या तपासण्या सुरू झाल्या.

त्याचा संसार त्या हातावर चालतो. तिथे आनंद वाटला असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या वर्षी काखेत जे शोधलं होतं त्याचा उपयोग काय हे मला त्या रात्री कळलं. घरी जाऊन मी तेच प्रकरण पुन्हा काढून वाचलं, परीक्षा नव्हती तरी. असं आपणहून पुस्तक उघडावंसं वाटणं, त्यालाच मी मजा म्हणतो. ती मिळण्यासाठी आधीची ती चरबी काढावीच लागते.

तुमचं काय? विद्यार्थी, रेसिडेंट, निवृत्त डॉक्टर, सिस्टर, रुग्ण, सगळ्यांनी लिहा.

काणकोणकर

सुंदर लिहिलंय. पाडेल्याचा हात सुधारला का?

रानवाट

@काणकोणकर, धन्यवाद. त्याच्याबद्दल यापेक्षा जास्त इथे लिहिणं बरोबर नाही, ओळख पटू शकते. अशा इजेत काही जणांना नसांच्या शस्त्रक्रियेचा उपयोग होतो, पण महिने, कधी वर्षं लागतात. फिजिओथेरपी मात्र पहिल्यापासून हवीच, नाहीतर सांधे आखडतात.

डिचोलीची आई

माझ्या लेकीला यंदा प्रवेश मिळालाय. धागा वाचून बरं वाटलं, पण काळजी सांगते. ती चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकली, मग इंग्रजी. गणित, फिजिक्स समजून करायची सवय आहे. पाठांतराचा तिला कंटाळा आहे, आणि सगळे सांगतात मेडिकल म्हणजे घोकंपट्टी. समजून घेणाऱ्या मुलीचं तिथे काय होणार? दुसरं म्हणजे मयत शरीर पाहून ती घाबरली तर?

दुसरं वर्ष

काकी, मी उत्तर देते. मी आता दुसऱ्या वर्षाला आहे, पेडण्याची.

घोकंपट्टी आहे, नाही म्हणणार नाही. मनगटाची आठ हाडं समजून घेता येत नाहीत, ती पाठच करावी लागतात. पण पाठ करण्यातही गंमत असते. आमचा चौघींचा गट आहे. नावं लक्षात ठेवायला आम्ही वाक्यं बनवतो. इंग्रजीतली तयार वाक्यं सगळीकडे मिळतात, पण स्वतः बनवलेलं डोक्यात घट्ट बसतं. चेहऱ्याच्या नसेच्या म्हणजे फेशियल नर्व्हच्या पाच शाखा: टेम्पोरल, झायगोमॅटिक, बक्कल, मार्जिनल मँडिब्युलर, सर्व्हायकल. आमचं वाक्य: "ते झाड बघ माझ्या समोर." वरून खाली याच क्रमाने येतात. आता व्हायव्हाला कोणी विचारलं की आधी झाड दिसतं.

समजून घेणाऱ्या मुलीला फिजिऑलॉजी फार आवडेल. मूत्रपिंड पाणी कसं राखतं, हृदयाचा एक ठोका पडतो तेव्हा आत दाब कसकसा बदलतो, हे सगळं फिजिक्सच आहे. फिजिऑलॉजी ज्याची पक्की त्याला पुढे फार्माकॉलॉजी सोपी जाते, कारण औषध कुठे लागू पडतं ते आधीच माहीत असतं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त मजा मायक्रोबायोलॉजीत येते. माझी मावशी सत्तरीत दिली आहे. लहानपणी तिच्याकडे सुट्टीत गेलो की मोठी माणसं माकडतापाबद्दल दबक्या आवाजात बोलायची. कुठल्या तरी वाड्यावर माकड मेलं की काजूच्या बागेत जायला लोक घाबरायचे. काही कळायचं नाही. आता अभ्यासात तोच माकडताप आला: क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, विषाणू पहिल्यांदा १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या बाजूला सापडला, पसरवणारी गोचीड. गोव्यात २०१५ पासून सत्तरीत रुग्ण दिसू लागले. गोचीड चावते ती नेमकी काजूच्या हंगामात, कारण त्याच दिवसांत जंगलात तिची पिल्लं जास्त असतात आणि त्याच दिवसांत लोक पाचोळ्यात बसून बिया गोळा करतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि दुसरं अंग शोधतात. म्हणून मेलेलं माकड दिसलं की जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं. त्या रात्री मी मावशीला फोन करून हे सगळं सांगितलं, आणि ती मला उलटी विचारू लागली की पालापाचोळ्यात बसायचं नाही तर बिया काढायच्या कशा? अंग झाकणारे कपडे, गोचिडींना दूर ठेवणारं तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि अंग तपासणं, एवढं मला सांगता आलं. पुढचा प्रश्न मी सरांना विचारला आणि सर वर्गात त्यावर अख्खा तास बोलले.

मयत शरीराबद्दल: पहिल्याच दिवशी डिसेक्शन हॉलमध्ये आम्ही सगळ्यांनी उभं राहून शपथ घेतली. ज्यांनी देहदान केलं ते आपले पहिले शिक्षक, त्यांचा मान राखू, अशी. काही मुलींना चक्कर आली, त्यांना बाहेर बसवलं, पाणी दिलं, कोणी हसलं नाही. आठवडाभरात सगळ्या टेबलाशी उभ्या होत्या. तुमची मुलगीही राहील.

डिचोलीची आई

पोरी, तुझं भलं होवो. लेकीला वाचून दाखवलं. ते झाडाचं वाक्य तिने लगेच वहीत लिहून घेतलं.

जुनी पणजी

धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. आम्ही १९७० च्या दशकातले, मांडवीकाठच्या जुन्या इमारतीत शिकलेले. आज जिथे इफ्फीची, म्हणजे चित्रपट महोत्सवाची, लगबग असते ना, तिथे आमचं कॉलेज होतं. २००४ नंतर ज्यांनी ती इमारत पाहिली त्यांना तिथे वॉर्ड होते हे सांगूनही पटत नाही. ही शाळा १८४२ ची, आशियातल्या सगळ्यात जुन्या वैद्यकीय शाळांपैकी एक. पोर्तुगीज काळात इथून शिकलेले डॉक्टर आफ्रिकेतल्या वसाहतींत जायचे. मुक्तीनंतर १९६३ मध्ये तिचं गोवा मेडिकल कॉलेज झालं, आणि आमच्या वेळी पदवी मुंबई विद्यापीठाची असायची. बांबोळी नंतरची.

आमच्याकडे स्कॅन नव्हते. सोनोग्राफीसुद्धा नव्हती. म्हणून आमच्या सरांचा सगळा भर बोटांवर आणि कानांवर. छातीवर डाव्या हाताचं मधलं बोट टेकवायचं आणि उजव्याच्या मधल्या बोटाने त्यावर ठोकायचं. हवा असेल तिथे पोकळ आवाज, पाणी भरलं असेल तिथे दगडावर ठोकल्यासारखा बद्द. ठोकून तपासण्याची कल्पना १७६१ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिओपोल्ड ऑएनब्रुगर या डॉक्टरने जगापुढे मांडली; बोटावर बोट ठोकणं नंतर आलं. त्याचे वडील खानावळवाले होते. पिंपात दारू कुठवर आहे हे बाहेरून ठोकून ओळखतात, ते त्याने लहानपणी पाहिलेलं. हयातीत बरीच वर्षं कोणी त्याची फारशी दखल घेतली नाही.

सर आम्हाला एक काम द्यायचे. रुग्णाच्या पाठीवर ठोकत खाली जायचं, आवाज बदलला तिथे पेनाने रेघ मारायची, आणि मगच एक्स-रे दाखवला जायचा. तुमची रेघ आणि एक्स-रेमधली पाण्याची पातळी जुळली की सर नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"साठी आम्ही मेसमध्ये टेबलं, भिंती, एकमेकांच्या पाठी ठोकत असायचो. जलोदराचंही तसंच. पोटावर मधून कुशीकडे ठोकत जायचं, बद्द लागलं तिथे बोट ठेवायचं, रुग्णाला दुसऱ्या कुशीवर वळवायचं, थोडं थांबायचं, आणि पुन्हा ठोकायचं. पाणी सरकलं की बद्द जागा पोकळ वाजते. माणसाच्या पोटातलं पाणी सरकताना आपल्या बोटाला कळतं, याचं मला आजही नवल वाटतं.

संध्याकाळी नदीकाठाने चालत जुन्या सचिवालयापर्यंत जायचो. तिथे अब्बे फारियांचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये सांगत होता की संमोहनाची ताकद संमोहन करणाऱ्याच्या अंगात नसते, समोरच्याच्या मनात असते. आमच्यातला एक जण पुढे मनोविकारतज्ज्ञ झाला. तो म्हणतो, त्याचा पहिला धडा त्या पुतळ्याखाली झाला.

हल्लीच्या मुलांना एवढंच सांगेन: स्कॅन जरूर मागा, पण आधी स्वतःचा अंदाज वहीत लिहा. मग रिपोर्ट उघडा. रोज.

मडगावची

सर, तुमचा प्रतिसाद वाचताना पाठीवरची रेघ डोळ्यांपुढे आली. अजून लिहा.

स्पष्ट बोलतो

सगळ्यांचं वाचलं. मनापासून लिहिलंय हे दिसतं. पण दुसरी बाजू मांडायलाच हवी. मी गोव्याचाच, एमडी गोव्याबाहेरच्या एका कॉलेजात केलं. सलग ड्युटी, झोप नाही, जेवण नाही, वर सगळ्यांसमोर बोलणी. त्या दिवसांत एक मित्र अभ्यासक्रम अर्ध्यात सोडून घरी गेला आणि चांगला विद्यार्थी होता. 'आव्हानात मजा आहे' असं म्हटलं की ज्यांना त्रास होतोय त्यांना वाटतं कमतरता आपल्यातच आहे. १९९२ च्या केंद्र सरकारच्या रेसिडेन्सी योजनेत रेसिडेंटसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा सांगितली आहे. किती ठिकाणी पाळतात ते तुम्हीच सांगा.

रानवाट

@स्पष्ट बोलतो, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल आभार. हे या धाग्यात असायलाच हवं होतं.

मला दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याशा वाटतात. ब्रेकियल प्लेक्सस अवघड आहे, कारण माणसाचं शरीरच तसं आहे. ती अडचण कोणी दूर करू शकत नाही आणि करूही नये, तिच्याशी झगडण्यातच शिकणं आहे. झोपू न देणं, सगळ्यांसमोर पाणउतारा करणं, ही अडचण माणसांनी तयार केली आहे आणि तिच्यातून कोणी काही शिकत नाही. उलट दमलेल्या डोक्याला समोरच्या रुग्णाची उतरलेली पापणी दिसत नाही. मला ज्या रेसिडेंट मॅडमनी "डोळे बघ" म्हटलं, त्या त्या रात्री झोप काढून आल्या होत्या. म्हणून त्यांना दिसलं आणि दाखवायला सवड होती.

म्हणून मजेबद्दल बोलणं आणि ड्युटीच्या तासांसाठी भांडणं, ही दोन्ही कामं एकाच माणसाने करायची आहेत असं मी मानतो. आणि कोणाला खरंच असह्य होत असेल तर थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फोनवर मराठीतही बोलता येतं. वर्गमित्र गप्प गप्प दिसला तर त्याच्या खोलीवर जा.

स्पष्ट बोलतो

हे पटलं. आणि खरं सांगतो, माझ्या त्या वर्षांतही चांगले दिवस होते. ते ज्या वरिष्ठांमुळे आले ते सगळे शांतपणे शिकवणारे होते.

रात्रपाळीची सिस्टर

मी नर्स. तालुक्याच्या रुग्णालयात बरीच वर्षं काढली, आता निवृत्तीला आले. नवे इंटर्न आम्ही दरवर्षी बघतो. त्यांतले कोण पुढे चांगले डॉक्टर होणार ते आम्हाला सर्पदंशाच्या रात्री कळतं.

पावसाळ्यात शेतातून माणसं येतात. काय चावलं ते बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. मग एक साधी तपासणी असते, तिला कुठलं यंत्र लागत नाही. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं आणि २० मिनिटं हात न लावता ठेवायचं. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची नको, कारण रक्ताची गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शाने सुरू होते. साबणाने धुतलेली नळीही चालत नाही, निकाल फसवा येतो. २० मिनिटांनी एकदाच कलती करायची. गोठलं असेल तर ठीक, पुन्हा पुन्हा बघत राहायचं. पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात भिनलंय, घोणस किंवा फुरशाचं असण्याचा संभव मोठा, आणि प्रतिविष सुरू करायचं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं. हिरव्या चापड्याच्या विषावर त्याचा उपयोग नाही, म्हणून काय चावलं याचा विचार सोडून चालत नाही.

तर ती २० मिनिटं. काही मुलं नळी ठेवतात आणि फोनवर जातात. काही जण मधेच हलवून बघतात, मग सगळं पुन्हा करावं लागतं. आणि काही जण नळीवर वेळ लिहून स्टँडमध्ये ठेवतात, रुग्णाजवळ जाऊन बसतात, पापण्या उचलायला सांगतात, एकापासून मोजत एका श्वासात किती आकडे होतात ते बघतात, सूज कुठवर चढली तिथे पेनाने खूण करून वेळ टाकतात, घरच्यांशी बोलतात. एका मुलीने वेळ संपल्यावर नळी कलती केली, रक्त वाहिलं, आणि ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सिस्टर, प्रतिविष काढा, मी सरांना फोन करते." आवाज कापत नव्हता. पहाटे तिने पुन्हा नळी लावली तेव्हा रक्त गोठलं. उलटी करूनही थेंब पडला नाही. ती नळी घेऊन सगळ्या वॉर्डात दाखवत फिरली. रुग्णालासुद्धा दाखवली! मी इतक्या वर्षांत अशा कितीतरी नळ्या पाहिल्या, पण त्या दिवशी मीही पुन्हा बघायला गेले.

दुसरं वर्ष

सिस्टर, हे आम्हाला फार्माकॉलॉजीत आत्ताच झालं. पण नळीवर वेळ लिहायची, हे कुठल्या लेक्चरमध्ये सांगितलं नव्हतं. लिहून ठेवलं.

केरीकर

मी मेडिसिनचा रेसिडेंट. थोडं कानाबद्दल लिहितो.

आमच्या घरी भजन. वडील पखवाज वाजवतात. लहानपणी मला मांडीवर बसवून विचारायचे, "सम कुठे आली?" कित्येक दिवस काही कळायचं नाही, नुसता आवाज. मग एके दिवशी सम ऐकू आली आणि त्यानंतर ती कधी चुकली नाही. स्टेथोस्कोपचं माझ्यासाठी अगदी तसंच झालं.

मायट्रल स्टेनोसिस म्हणजे हृदयाची एक झडप अरुंद होणं. त्याचा मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या मधला जादा आवाज, विद्यार्थ्यांना रडवतो. फार हळू आणि खर्जातला आवाज असतो. बाजूचे सगळे माना डोलवतात, "हो सर, ऐकू आला", आणि आपल्याला ठो काही ऐकू येत नाही. माझ्या युनिटच्या सरांनी मला सांगितलं, "मर्मर शोधूच नकोस. मानेतल्या नाडीवर बोट ठेव. नाडीबरोबर येतो तो पहिला ठोका. तेवढा पक्का कर." केला. "आता दुसरा." केला. "आता दुसऱ्यानंतर पुढचा पहिला येईपर्यंत मधली जागा आहे, फक्त ती ऐक. बाकी काही ऐकू नको." रुग्ण बाईंना डाव्या कुशीवर वळवलं, श्वास सोडून थांबायला सांगितलं, स्टेथोस्कोपची बेलची बाजू अगदी हलकी टेकवली. आणि त्या मधल्या जागेत घरघर ऐकू आली. मी कितीतरी वेळ कानातून नळ्या काढल्याच नाहीत, बाईच शेवटी म्हणाल्या, "जालें मू, दोतोर?"

त्या बाई गरोदर होत्या आणि पहिल्यांदाच धाप लागू लागली होती. लहानपणी घसा दुखून सांधे सुजले होते, तेव्हा कोणी लक्ष दिलं नव्हतं. त्या दुखण्याने (रुमॅटिक फीवर) झडप हळूहळू अरुंद होत गेली. गरोदरपणात रक्त वाढतं, हृदयाची गती वाढते, आणि अरुंद झडपेतून तेवढं रक्त जाईना, म्हणून धाप. इकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने, निदान पक्कं झालं. पण इको करा असं म्हणायला आधी कोणाला तरी ती घरघर ऐकू यावी लागते. गावातल्या आरोग्य केंद्रात इको नसतो, कान असतात.

आता मी नव्या मुलांना शिकवतो. ज्याला ऐकू आलं नाही त्याने "नाही आलं" म्हणायचं, हा माझ्या बेडसाईडचा नियम आहे. जो पहिल्यांदा खरं सांगतो त्यालाच मी जास्त वेळ देतो. आणि त्याला ऐकू येतं तेव्हा चेहऱ्यावरून आपल्याला लगेच कळतं, विचारावं लागत नाही.

बांदेकर

मी डॉक्टर नाही. आम्ही सिंधुदुर्गातले, बांद्याचे. आमच्याकडचे पुष्कळ रुग्ण बांबोळीलाच येतात. माझ्या वडिलांना रक्ताचा एक जुनाट कॅन्सर झाला होता, सीएमएल. पाणथरी (प्लीहा) इतकी वाढली होती की पोटात दगड ठेवल्यासारखं वाटायचं. ॲडमिट होते तेव्हा विद्यार्थ्यांचे घोळके यायचे. सुरुवातीला मला राग यायचा. आजारी माणसाला किती जणांनी दाबायचं?

मग पाहिलं की प्रत्येक जण आधी नाव सांगतो, विचारतो, "काका, तपासू का?" हिवाळा होता, तर हात चोळून गरम करून मग पोटाला लावायचे. एक मुलगा चुकीच्या जागेपासून सुरुवात करत होता. वडिलांनी त्याचा हात धरून उजवीकडे खाली, ओटीपोटाजवळ नेला आणि म्हणाले, "हयसून सुरू कर. मी श्वास घेतंय, तू वर वर ये." इतक्या जणांनी तपासल्यावर त्यांनाच पद्धत पाठ झाली होती! शिकवणाऱ्या मॅडम मागे उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "बरोबर सांगतात काका. पाणथरी मोठी असली की ती पार उजव्या बाजूला जाते. वरून सुरुवात केली तर कड हाताला लागतच नाही."

नंतर गोळ्या सुरू झाल्या आणि पाणथरी लहान होत गेली. तपासणीला गेलो की वडील त्याच मुलांना शोधायचे. "बघ रे, आज खंय लागता ती?" मुलं बरगडीखाली बोटं रुतवून मोजायची आणि सांगायची, काका, अजून कमी झाली. एक दिवस कोणाच्याच हाताला लागली नाही. वडील आज ठीक आहेत, गोळी रोज चालू आहे. तुम्ही मुलं अभ्यासातली मजा म्हणता ना, ती त्यांच्या तोंडावरही दिसायची.

रानवाट

बांदेकर, तुमचा प्रतिसाद मी आमच्या बॅचच्या ग्रुपवर वाचून दाखवला. काकांना नमस्कार सांगा.

डिचोलीची आई

आता लेकच विचारतेय, तिच्या वतीने लिहिते. कॉलेज सुरू व्हायच्या आधी काही वाचून ठेवू का? बोन सेट (अभ्यासाच्या हाडांचा संच) नवा घ्यायचा की जुना चालेल? लॅपटॉप लागतो का?

रानवाट

आधीपासून वाचू नकोस. झोप काढ, पोहायचं असेल तर पोह. लॅपटॉप पहिल्या वर्षी नसला तरी अडत नाही. पांढरा एप्रन दोन घे, पावसात वाळत नाहीत. कोंकणी आणि हिंदीत रुग्णाशी बोलायची सवय कर. थोडी कानडी आली तर फारच उत्तम, वॉर्डात रोज उपयोगी पडते. हात शिवशिवत असतील तर घरातल्या सगळ्यांची नाडी मोज आणि लिहून ठेव: झोपेतून उठल्यावर, जिना चढून आल्यावर, आजीची, धाकट्याची. फरक का पडतो याचा अंदाज मनाशी बांध. फिजिऑलॉजीच्या तासाला उपयोग होईल.

बोन सेट सीनियरकडूनच घे. एका बॅचकडून दुसरीकडे जातो, नवा कोणी घेत नाही.

दुसरं वर्ष

माझा द्यायचाच आहे. मनगटाची आठही हाडं आहेत, मी प्रत्येकावर बारीक अक्षरात नाव लिहून ठेवलंय, ते पुसून देऊ की तसंच ठेवू ते सांग. काकी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

डिचोलीची आई

मिळाला. पुसून दे म्हणते, ती स्वतः ओळखणार आहे.